घोडा मुठीएवढा, खोकं हातभर

संक्रांतीला पानिपतच्या काला अंबला गेलो. १४ जानेवारी १७६१ ला जिथे मराठी फौज कापली गेली, तिथल्या स्मारकाला हात जोडून बाकावर टेकलो, तोच नातवाने वाटेत घेतलेला घोडेस्वार पुढे केला, ‘आजोबा, काढून द्या ना.’ घोडा मुठीएवढा, खोकं हातभर. आधी चिकटपट्टी, मग पुठ्ठा, मग कडक प्लॅस्टिकचं कवच; त्याच्या कडेने बोट कापलं. आत घोड्याचे चारही पाय तारेने पुठ्ठ्याला जखडलेले, स्वाराच्या गळ्याला प्लॅस्टिकचा फास. नखं हरली, दात हरले, शेवटी किल्ली घातली. आमच्या लहानपणी सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी वर्तमानपत्रात गुंडाळून यायची. सुतळी ओढली की खेळ सुरू. १ जुलै २०२२ पासून देशात फुग्याच्या प्लॅस्टिक काडीवर बंदी आहे, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायच्या फिल्मवरही आहे. खेळण्याचं हे चिलखत मात्र त्या यादीत नाही. अर्ध्या तासाने घोडा सुटला. मान वर करून पाहतो, तर नातोबा रिकाम्या खोक्याचा किल्ला करून त्यात रमलेले. दोनशे रुपये मोडून पानिपत झालं ते फक्त माझं.