पहिल्याच मॅचवरून निकाल नको!

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू आणि प्लेऑफ म्हणजे हरलात की सीझन खल्लास. तिथे नवखा पोरगा गडबडला की लगेच शिक्का बसतो, ‘याला प्रेशर झेपत नाही.’ मला हे अजिबात पटत नाही. पेटन मॅनिंग पहिले तिन्ही प्लेऑफ सामने हरला. तिसरा, २००३ चा, तर ०-४१ असा! पण पुढे २००७ आणि २०१६ मध्ये त्याने सुपर बोल जिंकलाच ना? उलट टॉम ब्रेडी २००२ मध्ये पहिलाच सामना जिंकला. पण त्याच्या हातून सुटलेला बॉल पंचांनी नियमावर बोट ठेवून परत दिला, आणि भर बर्फात ४५ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली ती अॅडम विनाटिएरीने. म्हणजे जिंकला काय, हरला काय, ती एकट्याची परीक्षा नसतेच. नवख्याला दुसरी संधी द्या, मग काय ते बोला!