बिर्याणी, वकिली आणि खासदारकी

उज्ज्वल निकम राज्यसभेत गेले म्हणून मी हे लिहीत नाही. वकिलानं राजकारणात जाऊ नये, असा नियम काढला तर आपल्याला बाबासाहेबांपासून सगळ्यांची नावं पुसावी लागतील. आमच्या कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे काळा कोट घालून कामगारांचे दावे लढले आणि कोट उतरवून मोर्चे काढले. मजीद मेमन यांनी १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात आरोपींची वकिली केली आणि २०१४ ते २०२० या काळात राष्ट्रवादी काँग्रेसचे राज्यसभेचे खासदार होते. तेव्हा आपल्यातल्या कुणी नाक मुरडलं नाही. आज केवळ भाजपचं नाव आहे म्हणून ओरडायचं, हा दुटप्पीपणा मला जमणार नाही.

माझी तक्रार सरकारी वकिलाच्या खुर्चीबद्दल आहे.

खासगी वकील एका पक्षकाराचा असतो. सरकारी वकील कुणाचा असतो? तो पोलिसांचा नसतो, मंत्र्यांचा नसतो, फिर्यादीचाही नसतो. बार कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की फिर्यादी पक्षाच्या वकिलानं खटला असा चालवावा की निर्दोष माणसाला शिक्षा होणार नाही, आणि आरोपीच्या बाजूनं जाणारा पुरावा दडपू नये. त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी महाराष्ट्र बहुधा विसरलाय. स्वतः चालवत असलेल्या खटल्यांबद्दल वर्तमानपत्रांत मजकूर पुरवणं, फोटो छापून आणणं, हे वकिलाला मना आहे. आता कोर्टाच्या पायरीवरचा तो कॅमेऱ्यांचा घोळका आठवा आणि या नियमाचं काय झालं ते तुम्हीच सांगा.

कोल्हापूरनं निकमांना अंजनाबाई गावित प्रकरणात पाहिलंय. चिमुकल्यांना पळवून मारणाऱ्या मायलेकींच्या त्या खटल्यात ते विशेष सरकारी वकील होते. २००१ मध्ये इथल्या सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली तेव्हा अख्खं शहर त्यांच्या पाठीशी होतं. तो विश्वास त्यांनी कामातून मिळवला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे सरकारनंच दयेचे अर्ज इतके रेंगाळत ठेवले की २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. पण त्याचा दोष निकमांकडे जात नाही.

दोष जातो तो बिर्याणीचा.

२००९ मध्ये २६/११ चा खटला चालू असताना राखीपौर्णिमेच्या दिवशी कसाबच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला बहीण आठवली असावी, अशी चर्चा वाहिन्यांनी सुरू केली. निकमांनी बाहेर येऊन सांगितलं की कसाबनं मटण बिर्याणी मागितलीय. झालं! वाहिन्यांना दुसरं काही नको होतं. पुढे मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत त्यांनीच सांगून टाकलं की कसाबनं बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही नव्हती. त्याच्या बाजूनं भावनिक वातावरण तयार होत होतं, ते मोडायला आपण ती गोष्ट रचली.

कुणाच्या मनात कसाबबद्दल सहानुभूती होती? मुंबईच्या मुसलमानांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला. मय्यत दफन करायला नकार देणं म्हणजे काय, हे मुसलमानाला समजावून सांगावं लागत नाही. ते मृतदेह वर्षभर पडून राहिले आणि शेवटी सरकारनं गुपचूप पुरले. ज्या समाजानं हल्लेखोरांना मूठभर माती नाकारली, त्याच समाजाच्या ताटातला पदार्थ पुढे राजकारणातली शिवी झाला. 'अतिरेक्यांना बिर्याणी खिलवणारे' हे वाक्य किती सभांमध्ये ऐकलंत, आठवून बघा.

आणि गरज काय होती? कसाब जिवंत पकडला गेला होता. तुकाराम ओंबळे यांनी त्यासाठी जीव दिला होता. हातात बंदूक घेतलेला त्याचा फोटो जगानं पाहिला होता. इतका भक्कम खटला हातात असताना सरकारी वकील कोर्टाबाहेर खोटं बोलतो, तेव्हा ते ऐकायला न्यायाधीश नसतात. ते प्रेक्षकांसाठी असतं. २०१५ ला ही कबुली आली आणि २०१६ ला पद्मश्री. कुणी एक साधी नोटीस काढली असेल, तर माझ्या पाहण्यात नाही.

याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपीही होते. त्यांनी नकाशा पुरवला, तो मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला, असं सरकार पक्षाचं म्हणणं. गोळ्या लागून मेलेल्या माणसाच्या खिशातला नकाशा इतका स्वच्छ कसा, हा प्रश्न बचाव पक्षानं विचारला. दोघे सुटले, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत सुटलेलेच राहिले. फहीमचे वकील शाहिद आझमी मात्र तो निकाल ऐकायला नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात घुसून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. कसाबची वकिली करणाऱ्या अब्बास काझमींना कोर्टानं मध्येच दूर केलं आणि २०१० मध्ये ते 'बिग बॉस'च्या घरात दिसले. तेही मला शोभलं नाही, हे इथंच सांगून ठेवतो. एका खटल्यातले तीन वकील: एक कब्रस्तानात, एक रिअ‍ॅलिटी शोमध्ये, एक संसदेत.

आता मोहसीन शेख. सोलापूरचा पोरगा, पुण्यात आयटीत नोकरीला. २ जून २०१४ ला हडपसरमध्ये नमाज पढून परतताना जमावानं त्याला मारलं, कारण दाढी-टोपीवरून तो मुसलमान दिसत होता. त्या खटल्यात निकम विशेष सरकारी वकील होते. २०१७ मध्ये त्यांनी खटला सोडला. जानेवारी २०२३ मध्ये धनंजय देसाईसह सगळे आरोपी निर्दोष सुटले. निकम असते तर शिक्षा झालीच असती, असा दावा मी करत नाही. पण ज्या माणसाचं नाव ऐकूनच पीडितांना धीर येतो, तो मधेच निघून गेला की त्या बापाला काय वाटलं असेल? मोहसीनचे वडील निकाल यायच्या आधीच वारले.

सरकारी वकिलाची खुर्ची वेगळ्या रीतीनंही सांभाळता येते. २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातल्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ च्या जूनमध्ये जाहीरपणे सांगितलं की आरोपींबाबत 'नरम' राहा, असा निरोप एनआयएकडून आला होता. निकमांच्या कबुलीनंतर अवघ्या तीन महिन्यांनी. त्यांना ना पद्म मिळालं, ना तिकीट.

२०२४ ला निकमांना भाजपनं मुंबई उत्तर मध्यची उमेदवारी दिली. वर्षा गायकवाड यांच्याकडून ते १६,५१४ मतांनी हरले. लढण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण हरल्यावर त्याच महिन्यात सरकारनं त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमलं. काल कमळासाठी मतं मागणारा माणूस आज राज्याच्या वतीनं कोर्टात उभा. समोरचा आरोपी विरोधी पक्षाचा असेल तर? सत्ताधारी पक्षाचा असेल तर? दोन्हीकडे शंका राहणार, आणि शंकेचा फायदा शेवटी गुन्हेगारालाच होतो.

मग जुलै २०२५ आला. निकमांची राज्यसभेवर नेमणूक. पुढच्याच आठवड्यात ७/११ च्या रेल्वे स्फोटांतले बारा जण उच्च न्यायालयानं निर्दोष सोडले, १९ वर्षांनी. महिनाअखेरीस मालेगाव २००८ चे सातही आरोपी सुटले. मेले ते मेलेच, पण मारलं कुणी याचं उत्तर दोन्ही ठिकाणी नाही. टीव्हीवर 'मास्टरमाइंड' म्हणून नाचवलेल्या चेहऱ्यांचा हा हिशेब आहे. हे खटले निकमांनी चालवले नव्हते. पण निकालाआधीच निकाल लावायची सवय ज्या पायरीवर वाढली, तिथं सगळ्यात जास्त कॅमेरे त्यांच्याच समोर होते.

काही मित्र म्हणतात, लोकांनाच निकम हवे असतात. खरंय. बीडच्या संतोष देशमुखांच्या प्रकरणातही तीच मागणी झाली. ज्याच्या घरात खून झालाय, तो नावाजलेला वकील मागणारच. पण लोकांना हवा असलेला वकील आणि पक्षाला हवा असलेला उमेदवार एकच माणूस होतो, तेव्हा नियम लागतो. नियम साधा असावा. पक्षाच्या चिन्हावर लढलेल्या माणसाला काही वर्षं सरकारी वकील नेमायचं नाही. सरकारी वकिलानं खुर्ची सोडल्यावर काही वर्षं राजकीय पद घ्यायचं नाही. आणि चालू खटल्यावर बाईट देणाऱ्याची नेमणूक रद्द करायची.

हा नियम फक्त 'त्यांच्या'साठी नको. २०१५ मध्ये पानसरेंच्या खुनानंतर संशयिताचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असं कोल्हापूरच्या वकिलांनी ठरवलं होतं. राग समजण्यासारखा होता. पानसरे आमचेही होते. तरी ते चूकच. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं होतं. एखाद्या कौमच्या द्वेषापायी इन्साफ सोडू नका, ही सूरह माइदाची शिकवण आहे. ती सोयीपुरती पाळता येत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सोलापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गची अपिलं आता इथं येतील. जुलै २०२४ ला गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली, तिथल्या लोकांनाही मुंबईऐवजी याच दारात यावं लागेल. आपली पोरंपोरी शहाजी लॉ कॉलेजातून वकील होतायत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: बेंचच्या बाहेरही माइक येतील. पक्षकाराची बाजू न्यायाधीशांसमोर मांडा, माइकला 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' एवढं सांगून रिक्षा पकडा. आणि सरकारी वकील नेमताना तो कुणाचा माणूस आहे, हे गजापूरच्या लोकांनी सरकारला लेखी विचारावं. तो त्यांचा हक्क आहे.