प्राणवायू लावायलाही डॉक्टर कचरतात तेव्हा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, श्वसन शिकवताना आपण फळ्यावर वायुकोश काढतो, ऑक्सिजनला प्राणवायू म्हणतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. माझं मत असं की शेतकऱ्यांच्या पोरांना तिथेच पॅराक्वाटबद्दलही सांगावं.

पॅराक्वाट हे तणनाशक. फवारलं की गवत लगेच करपतं, म्हणून खपतं. पण पोटात गेलं तर ते रक्तातून येऊन फुप्फुसात साठतं. वायुकोशाच्या पेशी त्याला आपल्याच कामाचा पदार्थ समजून आत ओढतात! तिथे ऑक्सिजनशी त्याची क्रिया सतत चालू राहते आणि त्यातून पेशींची नासधूस करणारे घटक तयार होतात. म्हणून डॉक्टर अशा रुग्णाला लगेच ऑक्सिजन लावत नाहीत. रक्तातलं प्रमाण फारच घसरलं तर देतात. नातेवाईक चिडतात, "साधा ऑक्सिजनपण लावत नाहीत!" त्यांचं तरी काय चुकलं? प्राणवायू आपणच शिकवला ना.

आणखी एक फसवी गोष्ट. पहिले एक-दोन दिवस माणूस बऱ्याचदा शुद्धीवर असतो, बोलतो. तोंड-घसा सोलवटलेला, बाकी ठीक वाटतं. मग मूत्रपिंडं बिघडतात आणि पुढच्या काही दिवसांत, आठवड्यांत फुप्फुस घट्ट होत जातं. यावर उतारा नाही. सुरुवातीच्या काही तासांत सक्रिय कोळसा किंवा मुलतानी मातीसारखी फुलर्स अर्थ देऊन विष बांधायचा, रक्त गाळायचा प्रयत्न होतो. स्टेरॉइडही देतात, पण त्यांचा भरवसा नाही. म्हणून "बरं वाटतंय, उद्या बघू" असं नको. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी तर मुळीच काढू नका, वर येताना ते घसा पुन्हा भाजतं. डबा सोबत न्या. काही कीटकनाशकांवर चालणारं अ‍ॅट्रोपिन इथे उपयोगाचं नाही, त्यामुळे डॉक्टरांना नाव कळायलाच हवं.

आणि त्या डब्यावरचा त्रिकोण? पिवळा! लाल त्रिकोण सर्वांत विषारी, हे मुलांना माहीत असतं. मग पिवळा त्यांना कमी धोक्याचा वाटणारच. उतारा नसलेल्या विषाला हा रंग मला पटत नाही. युरोपीय संघात २००७ पासून, केरळात २०११ पासून यावर बंदी आहे, श्रीलंकेनेही घातली. आपल्याकडेही बंदीच हवी.

तोवर पुढच्या पालकसभेत एवढं विचारा: घरातलं तणनाशक मूळ डब्यात आहे, की कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलंय?