दान की अडगळ?

सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात महापूर आला. ऐन नवरात्रात धाराशिव, बीडकडच्या बायका घरातला चिखल उपसत होत्या. पिकंच काय, शेतातली मातीही वाहून गेली. महाराष्ट्र मदतीला धावला, हे खरंच. पण गाजलं काय? मदतीच्या किटवर नेत्यांचे फोटो छापल्याचा वाद! २०१९च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरातही हेच झालं होतं. या हाताचं दान त्या हाताला कळू नये म्हणतात. आता ते पिशवीवरच छापून येतं.

पण मैत्रिणींनो, नेत्यांना नावं ठेवली की आपलं काम संपलं का? पूर आला की आपली कपाटं रिकामी होतात. विटलेल्या साड्या, उसवलेले ब्लाउज 'तिकडच्या लोकांसाठी' बाहेर निघतात. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. सगळं गमावलेल्या माणसालाही मान असतो, हे देणारे विसरले होते. अंशू गुप्ता यांच्या 'गूंज' संस्थेने ते कपडे निवडून कामी आणले. हीच संस्था जुन्या सुती कापडाचे स्वच्छ पॅड बनवते. पुरात अडकलेल्या बाईची पाळी काही थांबत नाही. पण मदतीची यादी करताना हे किती जणांना आठवतं?

म्हणून देण्याआधी विचारावं, 'तुम्हाला काय हवंय?' नको असलेलं काढून टाकणं म्हणजे दान नव्हे, ती साफसफाई झाली.

दुसरा प्रश्न पैशांचा. डीजेला, फटाक्यांना, लग्नातल्या पाच-पन्नास पदार्थांना पैसा निघतो. शाळेच्या स्वच्छतागृहासाठी कोणी पावतीपुस्तक घेऊन आलं, की मात्र 'यांना विचारून सांगते'! ऐपत नाही असं नाही, प्राधान्य चुकतंय. रयत शिक्षण संस्थेच्या सुरुवातीच्या दिवसांत कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही मागे ठेवलं नाही. आपल्याकडून एवढी अपेक्षा कुणाचीच नाही. पण २०१९च्या पुरानंतर अनेक गणेश मंडळांनी उत्सव साधेपणाने करून वाचलेले पैसे पूरग्रस्तांना दिले. मंडळांना जे जमलं, ते आपल्या भिशीला, महिला मंडळाला का जमू नये?

साधा हिशेब बघा. संक्रांतीला ४० जणींना ५० रुपयांचं वाण दिलं, तर २००० रुपये होतात. प्लास्टिकचा तो डबा चार दिवसांत माळ्यावर जातो. हळदीकुंकू जरूर करू या, तिळगूळही देऊ या. फक्त वाणाचे पैसे एका मुलीच्या वह्या-पुस्तकांना, परीक्षेच्या फीला देऊ या. पैसे संस्थेला देणार असाल, तर नोंदणी बघा, पावती घ्या, वर्षाचा हिशेब मागा. त्यात लाजायचं काय? भाजी घेताना आपण दोन रुपयांचा हिशेब करतोच की!

आणि त्या मुलीला व्यासपीठावर उभं करून फोटो मात्र काढू नका. नाहीतर पिशवीवर फोटो छापणाऱ्यांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?