यंत्र घरात आले; कारागिराचे काय?

वॉशिंग मशीन, म्हणजेच धुलाईयंत्र, ही श्रीमंतांची चैन होय, हा समज केव्हाच मागे पडला आहे. शिक्षक, लिपिक, परिचारिका अशा पगारदारांच्या घरांतही ते हप्त्याहप्त्याने येऊन स्थिरावले आहे. नोकरी सांभाळून संसार करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तर हे यंत्र म्हणजे दिवसाकाठी तास-दीड तासाची उसंत. साहजिकच ते बंद पडते तेव्हा ही उसंत हिरावली जाते आणि धुण्याचा सारा भार पुन्हा त्याच मनगटांवर येऊन पडतो. यंत्र विकण्याची व्यवस्था तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोचली. ते दुरुस्त करण्याची व्यवस्था मात्र तेवढ्या तत्परतेने तिच्यामागून आली नाही. जालन्यासारख्या जिल्ह्यात ही विसंगती विशेष जाचक ठरते.

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची कहाणी पाण्याच्या टंचाईवाचून सांगता येत नाही. निजामी राजवटीत बांधलेला घाणेवाडीचा तलाव वाढत्या जालना शहराला अपुरा पडला. मग जायकवाडीच्या पाण्याकडे धाव घ्यावी लागली. २०१२-१३ च्या दुष्काळात तर शहराची आणि खेड्यांची तहान टँकरवर भागवावी लागली. धुलाईयंत्राचा आराखडा करणाऱ्याने नळाला अखंड, पुरेशा दाबाचे आणि मृदू पाणी असेल असे गृहीत धरलेले असते. मंठा, परतूर वा भोकरदनच्या घरात यांपैकी एकही गोष्ट हमखास नसते. दोन टाक्यांचे अर्धस्वयंचलित यंत्र अशा घरांना सोयीचे का, याचे उत्तर येथे मिळते. त्यात बादलीने पाणी ओतता येते आणि खळबळलेले पाणी पुढच्या घाण्यासाठी राखून ठेवता येते. गृहिणीची ही निवड मागासलेपणाची नव्हे, व्यवहारज्ञानाची आहे.

क्षारांचा मारा

टँकर आणि कूपनलिका यांच्याबरोबर येणारी दुसरी आपत्ती म्हणजे क्षार. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या पाण्यात चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार विपुल असतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. म्हणून पावडर अधिक टाकली जाते आणि तिचा न विरघळलेला गाळ टाकीच्या तळाशी व नळ्यांत साचतो. पाणी तापविणाऱ्या यंत्रात हेच क्षार कॉइलवर पांढऱ्या कवचासारखे चढतात. परिणामी वीज अधिक जळते आणि अखेरीस कॉइल निकामी होते. स्वयंचलित यंत्रात पाणी आत घेणाऱ्या झडपेच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. टँकरच्या पाण्यातील रेती तिच्यात अडकली की पाणी आत येईनासे होते, आणि केवळ जाळी धुण्याने सुटणारा दोष मोठा बिघाड समजला जातो.

अर्थात यातील बरीच निगा घरच्या घरी ठेवता येते. ती जाळी महिन्यातून एकदा काढून धुवावी. पाणी तापविणाऱ्या यंत्रात दोन-तीन महिन्यांनी लिंबूसत्व घालून ते गरम पाण्यावर रिकामे फिरवावे. काम झाल्यावर झाकण काही वेळ उघडे ठेवावे, म्हणजे बुरशी व कुबट वास धरत नाही. कपडे कोंबून भरू नयेत. अतिभाराने पट्टा घसरतो आणि मोटार तापते. यंत्र चारही पायांवर समतोल ठेवावे, त्याच्या तळाला उंदीर शिरणार नाहीत अशी जाळी लावावी आणि तीन पिनांच्या प्लगला खरोखरीचे अर्थिंग आहे याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. पाणी आणि वीज एकत्र नांदतात अशा यंत्राच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट जिवाच्या मोलाची आहे.

सुट्या भागांचा प्रश्न

परंतु निगा कितीही राखली, तरी झीज अटळ आहे. अर्धस्वयंचलित यंत्रातील पट्टा, कपॅसिटर, टायमर, पिळण्याच्या टाकीच्या ब्रेकची तार यांची झीज गावातला मेकॅनिक ओळखू शकतो आणि यांतील बरेच भाग बाजारात सहज मिळतात. स्वयंचलित यंत्राचे मर्म मात्र सर्किट बोर्डात दडलेले असते. विजेचा दाब वरखाली झाला की तो जळतो. एका प्रकारच्या यंत्राचा बोर्ड बहुधा दुसऱ्याला चालत नाही. कंपनीने तो पुरविणे थांबविले, की मोटार, टाकी, पंप सारे धडधाकट असूनही संपूर्ण यंत्र निरुपयोगी ठरते. ग्राहकाला ‘नवीनच घ्या’ असे सुचविले जाते आणि जुन्या यंत्राचे हप्ते फिटतात न फिटतात तोच नवे हप्ते सुरू होतात.

या संदर्भात मराठवाड्याला दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन कंपनीने मध्यमवर्गाच्या घरांत धुलाईयंत्र पोचविण्यात मोठा वाटा उचलला. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनीच्या देण्याघेण्याचा निवाडा न्यायाधिकरणात होतो. घरोघरीच्या यंत्रांना पुढे सुटे भाग कोणी पुरवायचे, याचा निवाडा कोठेच होत नाही. कंपनीच्या आयुष्याशी यंत्राचे आयुष्य बांधलेले असू नये, हा याचा बोध.

अनधिकृत हातांनी यंत्र उघडणे धोक्याचे आहे, असा युक्तिवाद उत्पादकांकडून केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. बंद यंत्राच्या कपॅसिटरमध्येही विद्युतभार शिल्लक राहू शकतो, आणि अर्धवट कारागिराने जोडलेली वायर प्राणावर बेतू शकते. तथापि या युक्तिवादाचा निष्कर्ष कारागिराला शिकवावे असा निघतो. त्याच्यापासून नकाशे आणि सुटे भाग दडवून ठेवावेत असा निघत नाही. युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेला आणि १ मार्च २०२१ पासून लागू झालेला नियम या दृष्टीने बोलका आहे. धुलाईयंत्राचा एखादा नमुना बाजारात येणे थांबल्यानंतरही त्याचे महत्त्वाचे सुटे भाग किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवणे आणि मागणी केल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत पोचविणे तेथे उत्पादकावर बंधनकारक आहे. दुरुस्तीची माहितीही व्यावसायिक कारागिरांना द्यावी लागते.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक सुचविणारा अहवालही मे २०२५ मध्ये विभागाला सादर झाला. ही पावले स्वागतार्ह असली, तरी पोर्टलवरील माहितीने जळालेला बोर्ड मिळत नाही. सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे खरेदीच्या वेळीच किमतीइतक्या ठळकपणे लिहिण्याची आणि ते वचन पाळण्याची सक्ती कायद्याने झाली पाहिजे. धुलाईयंत्र हे घरातील काही मोजक्या महागड्या वस्तूंपैकी एक. त्याला या यादीत अग्रक्रम मिळावा.

कायद्याची वाट पाहत स्वस्थ बसण्याचेही कारण नाही. घरगुती विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत आहे. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत असे प्रशिक्षित हात तयार झाले, त्यांना क्षारयुक्त पाणी आणि अस्थिर वीजपुरवठा या इथल्या दुखण्यांचे खास ज्ञान दिले, तर तरुणांना उद्योग मिळेल आणि ग्राहकाला विश्वासाचा माणूस. ग्राहकानेही लेखी पावती मागण्याची आणि बदललेला जुना भाग परत घेण्याची सवय लावून घ्यावी. प्रामाणिक कारागिराला तिचा जाच वाटण्याचे कारण नाही.

जालना हे भंगार वितळवून सळई घडविणारे शहर आहे. निकामी लोखंडाचेही मोल त्याला कळते. पण जे यंत्र शंभर-दोनशे रुपयांच्या पट्ट्याने वा एका बोर्डाने आणखी पाच वर्षे चालले असते, ते भट्टीच्या वाटेला लागणे ही काटकसर नव्हे, उधळपट्टी आहे. आणि तिची किंमत पगारदाराच्या खिशातून व गृहिणीच्या श्रमांतून वसूल होते. वस्तू विकत घेण्याचे स्वातंत्र्य समाजाला मिळाले आहे. ती टिकविण्याचे स्वातंत्र्य मिळेपर्यंत ते अपुरेच राहील.