हिशेबाची वही कोणाच्या हाती?

सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा सारा रोख सावकाराच्या वहीखात्यांवर आणि कर्जरोख्यांवर होता. मुद्दल किती, व्याज किती, फेड किती झाली, हे सारे सावकार लिहिणार, सावकार वाचणार आणि निवाडाही त्याच्याच लिखिताच्या आधारे होणार! ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती न्याय, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या कुळांना पुरते उमगले होते. एकविसाव्या शतकातील सुशिक्षित भारतीयाला मात्र ते अद्याप उमगलेले दिसत नाही. कारण आज जगाच्या बाजारात अशीच एक वही उघडी आहे आणि तिच्यात भारताच्या नावे दररोज काही ना काही मांडले जात आहे. ती वही आहे वातावरणात सोडल्या जाणाऱ्या हरितगृह वायूंची.

कोणत्या देशाने किती कर्बवायू सोडला, किती मिथेन सोडला, याचे अहवाल राष्ट्रे एकमेकांना सादर करतात. विषय रुक्ष, तक्ते किचकट. म्हणून वृत्तपत्रे तिकडे फिरकत नाहीत आणि मध्यमवर्गीय वाचक तो तज्ज्ञांवर सोपवून मोकळा होतो. परंतु उद्याच्या व्यापाराचे, कर्जाचे आणि विकासाच्या अधिकाराचे निवाडे याच तक्त्यांवर होणार आहेत. तेव्हा ते कोण भरतो, कोणत्या नियमांनी भरतो आणि कोणते रकाने मुद्दाम आखलेच जात नाहीत, हे पाहणे प्रत्येक सुजाण नागरिकाचे कर्तव्य ठरते.

भातशेती आरोपीच्या पिंजऱ्यात

या वादाचा पहिला मोठा अंक १९९०-९१ मध्ये घडला. वॉशिंग्टनमधील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने देशोदेशींच्या उत्सर्जनाची क्रमवारी लावली आणि भारताला जगातील पहिल्या पाच ‘दोषी’ राष्ट्रांत बसवले. ज्या देशातील कोट्यवधी घरांत तेव्हा विजेचा दिवाही नव्हता, तो देश पृथ्वी तापवणाऱ्यांच्या पहिल्या पंक्तीत! हा चमत्कार घडला तो हिशेबाच्या युक्तीने. समुद्र आणि वने जो कर्ब शोषून घेतात, ती निसर्गाची देणगी साऱ्या मानवजातीची. या संस्थेने तिची वाटणी माणशी न करता, जो अधिक धूर सोडतो त्याला अधिक वाटा, अशा न्यायाने केली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये या गणिताची चिरफाड केली. चैनीच्या मोटारीचा धूर आणि पोटासाठी पिकवलेल्या भातातून निघणारा मिथेन एकाच तराजूत कसा तोलता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे सरळ उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

त्याच सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतातील भातखाचरांतून वर्षाला सुमारे ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघतो, असे अनुमान मांडले. हा आकडा आला कोठून? पाश्चात्त्य देशांतील सतत पाणी तुंबवून ठेवलेल्या शेतांची मोजमापे भारताच्या भातक्षेत्रावर लादण्यात आली होती. भारतातील खाचरांचा मोठा भाग पावसावर अवलंबून. पाणी येते, आटते, पुन्हा येते. मातीत सेंद्रिय कर्बही कमी. मिथेन तयार करणारे जिवाणू वाढतात ते प्राणवायू नसलेल्या चिखलात. खाचर मधून मधून सुकले की त्यांचे काम थांबते. एवढी साधी गोष्ट लक्षात न घेता कोट्यवधी शेतकऱ्यांवर आरोप ठेवण्यात आला.

या आरोपाला उत्तर दिले ते डॉ. ए. पी. मित्रा या वैज्ञानिकाने. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशव्यापी मोहीम झाली. ठिकठिकाणच्या खाचरांत रोपांवर बंद पेट्या ठेवून आतल्या हवेचे नमुने घेतले गेले आणि प्रयोगशाळेत तपासले गेले. निष्कर्ष निघाला सुमारे ४० लाख टनांचा, म्हणजे अमेरिकी अनुमानाच्या जेमतेम नवव्या हिश्शाचा! निषेधाच्या सभांनी किंवा राजनैतिक खलित्यांनी जे साधले नसते, ते चिखलात उभे राहून केलेल्या मोजणीने साधले. या प्रसंगाचा धडा पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

वहीला नसलेले रकाने

१९९२ मध्ये रिओ येथे हवामानबदलाचा आराखडा करार झाला. औद्योगिक राष्ट्रांनी दरवर्षी आपल्या उत्सर्जनाची सूची द्यावी आणि विकसनशील राष्ट्रांनी सवडीने, मिळणाऱ्या साहाय्यानुसार राष्ट्रीय निवेदन द्यावे, अशी विभागणी तेव्हा मान्य झाली. ज्याने घर काळवंडले, त्याने आधी हिशेब द्यावा, हा न्याय त्यात होता. पुढे ही भिंत एकेक वीट काढून पाडण्यात आली. २०१० च्या कानकुन परिषदेत विकसनशील देशांवरही दर दोन वर्षांच्या अहवालाचे बंधन आले. २०१५ च्या पॅरिस कराराच्या तेराव्या कलमाने आणि २०१८ मध्ये कातोवित्से येथे ठरलेल्या नियमांनी, थोड्याफार सवलती ठेवून, सर्वांना एकाच साच्यात बसवले. पारदर्शकता हा शब्द गोंडस आहे आणि तिला विरोध करण्याचे कारणही नाही. परंतु आरसा धरायचाच तर त्यात सर्वांचा संपूर्ण चेहरा दिसला पाहिजे.

तसा तो दिसतो काय? औद्योगिक राष्ट्रांच्या या सूचीची सुरुवात साधारणतः १९९० पासून होते. आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक मंडळाच्या सहाव्या मूल्यांकन अहवालानुसार १८५० ते २०१९ या काळातील एकूण कर्बवायूपैकी सुमारे ५८ टक्के भाग १९९० पूर्वीच हवेत गेलेला आहे. म्हणजे जुन्या कर्जाचा मोठा हिस्सा नव्या वहीत उतरवलेलाच नाही! कोळसा व तेल जाळून आजवर साठलेल्या कर्बवायूत एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे, तर जगाच्या सहाव्या हिश्शाहून अधिक लोकसंख्या सांभाळणाऱ्या भारताचा तीन ते चार टक्के. माणशी पाहिले तर भारतीयाचे वार्षिक उत्सर्जन सुमारे २ टन आणि अमेरिकनाचे सुमारे १४ टन. पण तक्त्याला माणशी वाट्याचा रकाना नाही आणि ऐतिहासिक जबाबदारीचा तर नाहीच नाही.

दुसरा सोयीस्कर नियम भूभागाचा. जेथे धूर निघतो, त्या देशाच्या नावे तो लिहिला जातो. त्या धुरातून बनलेली वस्तू कोण वापरतो, हे कोणी विचारत नाही. ब्रिटनने आपले कारखाने बंद करून आशियात बनलेला माल विकत घ्यावा आणि आपले उत्सर्जन घटल्याची टिमकी वाजवावी, हे या नियमाने शक्य होते. उपभोगावर आधारित हिशेब केला, तर त्याच ब्रिटनचा आकडा कितीतरी फुगतो. तिसरी पळवाट लष्कराची. १९९७ च्या क्योटो परिषदेत अमेरिकेच्या आग्रहावरून संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार चालणाऱ्या बहुराष्ट्रीय लष्करी कारवायांचे उत्सर्जन राष्ट्रीय बेरजेबाहेर ठेवले गेले. भाताच्या रोपाचा हिशेब द्यायचा, आणि बॉम्बफेकी विमानांचा मात्र बेरजेत धरायचा नाही!

उपदेशकांची पाठ

आता हे नियम रचणाऱ्यांचे वर्तन पाहावे. अमेरिकेने १९९८ मध्ये क्योटो करारावर सही केली आणि २००१ मध्ये तो झिडकारला. कॅनडाने २०११ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. पॅरिस करारातून अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. त्या वर्षी १५ एप्रिल या ठरलेल्या दिवशी तिने आपली वार्षिक सूची सादरच केली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांकडून माहिती घेण्याची स्वतःची देशांतर्गत व्यवस्थाही जवळजवळ गुंडाळण्याचा प्रस्ताव तिने मांडला. जानेवारी २०२६ मध्ये तर १९९२ च्या मूळ करारातूनच बाहेर पडण्याचा निर्णय तिने जाहीर केला. सर्वांत मोठा ऋणकोच वही बंद करून उठला. आणि तीन दशके जगाला पारदर्शकतेचे पाठ देणारे त्याचे मित्र यावर फार तर चिंता व्यक्त करतात.

यावर एक सोपा विचार काही राष्ट्राभिमानी मनांतही डोकावतो. अमेरिका हिशेब देत नसेल, तर भारतानेच का द्यावा? फेकून द्यावी ती वही! हा विचार टाळ्या घेणारा आहे, पण घातक आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांनी रोखे जाळले; त्यांचा संताप रास्त होता, पण जाळण्याने कर्जाचा फास कायमचा सुटला नाही. ज्याच्यापाशी स्वतःची नोंद नसते, त्याला दुसऱ्याची नोंद मान्य करावी लागते. महासत्तेला हे परवडेलही. भारताला परवडणार नाही.

आकडा जकात होऊन येतो

याचा पुरावा युरोपच्या बंदरांत मिळतो. युरोपीय संघाने सीमेवरील कर्ब आकारणीची व्यवस्था उभी केली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून तिचा केवळ माहिती गोळा करण्याचा टप्पा चालला. १ जानेवारी २०२६ पासून खऱ्या आकारणीचा टप्पा सुरू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते असा माल युरोपात जाताना तो बनवताना किती कर्बवायू निघाला, हे दाखवावे लागते. ज्याच्याकडे पडताळलेला आकडा नाही, त्याच्या मालाला युरोपने ठरवलेला ठोकळ आकडा लावला जातो आणि तो सहसा जड असतो. १९९१ मध्ये भातखाचरावर जसे परके अनुमान लादले गेले, तसेच ते आता लहानमोठ्या पोलाद कारखानदाराच्या बिलावर लादले जाणार! ही व्यवस्था अन्याय्य आहे आणि तिच्याविरुद्ध भारताने आंतरराष्ट्रीय मंचांवर ठाम भूमिका घेतली, हे योग्यच झाले. परंतु लढा चालू असताना ज्या उद्योजकाजवळ स्वतःचा आकडा आहे तोच टिकेल.

आकाशही आता मोकळे राहिलेले नाही. २०१७ मध्ये युरोपने सोडलेला सेंटिनेल-५पी उपग्रह रोज पृथ्वीवरील मिथेन टिपतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्युनॉस आयर्स या शहरांचे मिथेन उत्सर्जन प्रचलित सूचींतील आकड्यांपेक्षा १.४ ते २.६ पट अधिक आढळले. मोठा दोष तेथील कचराभूमींचा होता. मुंबईचे हे वास्तव परक्या उपग्रहाने सांगावे, यात भूषण नाही. मोजणीने भातशेतकऱ्याला निर्दोष ठरवले, तीच मोजणी महापालिकेला दोषी ठरवू शकते. सत्य स्वीकारायचे तर दोन्ही बाजूंनी. चीनने २०१५ मध्ये आपल्या कोळसा वापराचे जुने आकडे सुधारले आणि काही वर्षांची वाढ १७ टक्क्यांपर्यंत निघाली. त्यानंतर चिनी आकड्यांकडे जग संशयाने पाहते. भारताला ती पत गमवायची नाही.

आपली वही, आपली जबाबदारी

भारताची कामगिरी लपवण्यासारखी मुळीच नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी सादर झालेल्या चौथ्या द्वैवार्षिक अद्ययावत अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात सकल देशांतर्गत उत्पादनामागील उत्सर्जनाची तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली. २०३० साठी ठरवलेला बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचा ५० टक्क्यांचा टप्पा २०२५ मध्येच गाठला गेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हवामानाचे स्वतःचे संगणकीय प्रारूप घडवले आणि त्याचे निष्कर्ष जागतिक मूल्यांकनात वापरले गेले. बुद्धी आहे, संस्था आहेत, सांगण्याजोगे यश आहे.

उणीव आहे ती सातत्याची. डिसेंबर २०२४ मधील अहवालात आकडे २०२० चे! २००४ मधील पहिल्या निवेदनात ते १९९४ चे होते, त्या मानाने अंतर कमी झाले खरे; पण चार वर्षे शिळा हिशेब घेऊन आजच्या व्यापारयुद्धात उतरता येत नाही. २०१० मध्ये भारताने २००७ चे आकडे स्वतःहून प्रसिद्ध केले होते. ते तेव्हा जमले, तर आज का जमू नये? राष्ट्रीय सूची दरवर्षी, कायमस्वरूपी यंत्रणेकडून आणि भारतीय भाषांतून प्रसिद्ध व्हावी. भाताच्या, गुरांच्या, कोळशाच्या बाबतीत उसने गुणांक न वापरता भारतीय मोजमापे वापरावीत. प्रत्येक महानगराने आपल्या कचराभूमीचा मिथेन स्वतः मोजावा. लहान कारखानदाराला पडताळणीसाठी स्वदेशी, परवडणारी व्यवस्था मिळावी. आणि प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच पानावर, जग मागो वा न मागो, भारताने दोन रकाने आखावेत: माणशी उत्सर्जन आणि १८५० पासूनची एकूण बेरीज. भारताच्या आकड्यांशेजारी इतरांचेही आकडे मांडावेत.

रिओच्या आराखड्यात समान परंतु विभेदित जबाबदारीचे तत्त्व लिहिले गेले, ते विकसनशील राष्ट्रांच्या आग्रहामुळे. ते टिकवायचे असेल, तर त्यामागे निर्विवाद आकड्यांचे बळ उभे करावे लागेल. डॉ. मित्रांच्या सहकाऱ्यांनी खाचरातल्या पेटीतून हवा काढून जे केले, ते आता साऱ्या राष्ट्राने दरवर्षी करायचे आहे. परक्याच्या वहीत नाव चढल्यावर आक्रोश करण्यापेक्षा आपली वही आधी, अचूक आणि उघड लिहिणे, यातच स्वाभिमानही आहे आणि शहाणपणही.