पिल्लाचे तोंड आणि आपला हात

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याकडचे एक गृहस्थ आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलीच्या अंगठ्यावर दातांच्या दोन खुणा होत्या आणि त्यावर हळद चोपडलेली होती. घरात पुण्याहून आणलेले पांढरे, झुबकेदार केसांचे पिल्लू. त्याच्या तोंडाला वास येतो म्हणून आजीने त्याला दाबून धरले व मुलीने अंगाच्या साबणाने त्याचे तोंड घासले. साबण डोळ्यांत गेला, पिल्लू कळवळले आणि चावले. "घरचंच पिल्लू आहे डॉक्टरसाहेब, इंजेक्शन कशाला?" वडील म्हणाले. पिल्लाला लस टोचली आहे का, असे मी विचारताच मात्र ते गप्प झाले.

मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे. तरीही हा विषय घेतला, कारण माझ्याकडे येणारे असे काही चावे केवळ चुकीच्या पद्धतीने तोंड धुतल्यामुळे झालेले असतात. १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधला टफी सर्वांचा लाडका झाला. तसे पिल्लू आपल्याही घरी असावे, ही हौस समजण्यासारखी आहे. पण हौसेबरोबर थोडी माहितीही हवी.

वास मुळात का येतो? या पिल्लांच्या तोंडाभोवतीचे केस लांब असतात. दूधभात खाताना ते भिजतात, त्यांत शिते अडकून आंबतात. भोर-वेल्ह्याच्या पावसात ते लवकर वाळतही नाहीत. अशा ओलसर, उबदार जागी जंतू व बुरशी वाढते आणि वास सुटतो. डोळ्यांखालची तांबूस रेघ म्हणजे मळ नव्हे. अश्रूंतील एका रंगद्रव्यामुळे पांढरे केस तसे दिसतात. ती रेघ घासून जात नाही, उलट डोळ्याला इजा मात्र होते.

उपाय साधा आहे. प्रत्येक खाण्यानंतर कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ सुती फडक्याने हनुवटी व ओठांच्या कडा पुसाव्यात. डोळ्यांसाठी ओला कापूस घ्यावा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. त्यानंतर कोरड्या फडक्याने केस नीट टिपून घ्यावेत. खरे महत्त्व या कोरडे करण्याला आहे, आणि नेमके तेच आपण विसरतो. खाण्याची ताटली उथळ असावी व रोज घासावी. पिल्लाला दाबून धरू नये. मांडीवर घेऊन, गोंजारत दोन मिनिटांत काम उरकावे व नंतर थोडा खाऊ द्यावा. आठवडाभरात त्याला सवय होते. आपला साबण, जंतुनाशक औषध, फिनेल, पावडर, अत्तर यांपैकी काहीही लावू नये. पिल्लू तोंड चाटते आणि ते सारे त्याच्या पोटात जाते.

चार ते सहा महिन्यांच्या वयात दुधाचे दात पडतात, तेव्हा तोंडाला थोडा वास येणे स्वाभाविक आहे. पण रोज पुसूनही दुर्गंधी टिकली, तर कान, दात किंवा कातडीचा विकार असू शकतो. डोळ्यां-नाकातून घट्ट पिवळा स्राव, ताप आणि खाणे बंद, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आता मुख्य मुद्दा. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात टोचतात. म्हणजे ज्या वयात आपण त्याला सर्वांत जास्त मांडीवर घेतो, त्याच वयात त्याला संरक्षण नसते. रेबीजचा विषाणू लाळेतून येतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून पिल्लाला मुलांचे तोंड व जखमा चाटू देऊ नयेत. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी आणि पुढच्या तारखा चुकवू नयेत. रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. 'घरचे पिल्लू' हा काही लसीला पर्याय नव्हे.

माझे मत स्पष्ट आहे. पिल्लाचे तोंड पुसणे आणि त्याला वेळेवर लस टोचून घेणे, ही दोन्ही कामे घरातल्या मोठ्या माणसाची आहेत, मुलांची नव्हेत. ज्याला त्यासाठी सवड नाही, त्याने पिल्लू आणू नये.

त्या मुलीचे सर्व डोस पूर्ण झाले. पिल्लालाही लस मिळाली. आता तिचे वडीलच रोज सकाळ-संध्याकाळ त्याचे तोंड पुसतात, आणि वास गेला, असे त्यांनी परवा आवर्जून सांगितले.